कुरैशी चाचा अन् मक्केचे कुरैश

प्रश्न : आमच्या गावच्या मंगळवारच्या बाजारात बकऱ्यांचा धंदा करणारे एक कुरैशी चाचा येतात. माह्या पोट्ट्यानं कुठंतरी वाचलं की मोहम्मद पैगंबर कुरैश टोळीचे होते, तवापासून तो इचारून राह्यला की चाचा पैगंबरांचे नातेवाईक व्हय का. चाचाले इचारलं तर ते नुसते हसले. हे कुरैश नेमके कोण?
– एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : भाऊ, पोट्टा हुशार आहे. चाचांचं आधी सांगतो. आपल्याकडे उत्तर अन् मध्य भारतात मांस-जनावरांच्या व्यापारातल्या समाजानं कुरैशी हे नाव लावून घेतलं, त्यामुळं नुसत्या आडनावावरून मक्केपर्यंत वंशावळ नाही जोडता येत. आपल्या वऱ्हाडात देशमुख आडनावाच्या प्रत्येकाच्या घरी वाडा अन् वतन असते काय, तसंच हे.

आता खरे कुरैश. मक्का म्हणजे डोंगरांच्या मधातली कोरडी दरी, पीक नाही, कुराणातच तिला बिनपिकाची दरी म्हटलंय, आपल्या कोरडवाहूत निदान कपाशी तरी होते, तिथं तेही नाही. मग पोट भरायचं कसं? तर काबा होता, म्हणजे मक्केतलं देवाचं पवित्र घर, तिथं अरबस्तानभरचे यात्रेकरू येत, अन् दुसरा व्यापार, उंटांचे तांडे घेऊन हिवाळ्यात येमेनकडे अन् उन्हाळ्यात शामकडे, म्हणजे आजच्या सीरियाच्या बाजूला. परंपरेनुसार कुसै नावाच्या पुरुषानं विखुरलेल्या कुरैशांना काब्याभोवती आणून वसवलं, अन् पुढं मान वाटला गेला : काब्याची चावी एका घराण्याकडे, यात्रेकरूंना पाणी पाजायचं दुसऱ्याकडे, जेवण घालायचं काम वेगळं. पोळ्याला तोरणाखाली कोणाची जोडी पहिले यावी यावरून आपल्याकडे काय काय होते ते आठवा, मग यांच्यातली ओढाताण सांगायला नाही लागत.

मला यात सगळ्यात आवडतो तो हाशिम, पैगंबरांचा पणजा. त्याचं खरं नाव अम्र. म्हणतात दुष्काळात त्यानं भाकरी कुस्करून रस्स्यात भिजवून लोकांना खाऊ घातल्या, अरबीत कुस्करणारा तो हाशिम, तेच नाव पडलं. आपण वरणात भाकर कुस्करतो ना, तेच काम, अन् त्यावरून अख्खं घराणं बनू हाशिम, म्हणजे हाशिमचे वंशज!

प्रश्न : पैगंबर त्यांच्यातलेच, मग कुरैशच विरोधात काऊन गेले? अन् कुराणात त्यांच्यावर वेगळी सूरह आहे म्हणतात, ते खरं का?
– एक शिक्षिका, बुलडाणा जिल्हा

उत्तर : ताई, खरं आहे. सूरह म्हणजे कुराणाचा अध्याय; 106 वी सूरह, नावच कुरैश, फक्त 4 आयती, म्हणजे ओळी. सार असं की हिवाळा-उन्हाळ्याच्या प्रवासाची यांना सवय लागली, तर आता यांनी या घराच्या, म्हणजे काब्याच्या, मालकाची भक्ती करावी, ज्यानं भुकेत अन्न दिलं अन् भीतीतून सुरक्षित ठेवलं. म्हणजे हिशेब त्यांच्याच भाषेत मांडलाय.

विरोधाचं कारण श्रद्धेचं तर होतंच, पण मला विचाराल तर गल्ल्याचंही होतं. काब्यात मूर्ती, मूर्तींमुळं यात्रा, यात्रेमुळं बाजार, अन् घरचाच माणूस म्हणतो देव एकच. वरून बापजाद्यांचा धर्म चुकला म्हणणं कोणाला पचते? मग 616 च्या आसपास बाकी कुरैशांनी पैगंबरांच्या घराण्याला, बनू हाशिमला, चक्क वाळीत टाकलं, देणंघेणं बंद, सोयरीक बंद, तसा कागद लिहून काब्यात टांगला, अन् सख्खा काका अबू लहब विरोधकांच्या बाजूला. हे जवळपास 3 वर्षं चाललं. शेवटी म्हणे कागद उघडून पाहतात तर उधळीनं तो खाऊन टाकलेला, देवाच्या नावाचा तेवढा तुकडा शाबूत.

622 ला पैगंबर मदिनेला गेले, मग 624 ला बद्र, 625 ला उहुद, लढाया दोन्ही बाजूंनी नातलगांच्या, काका-पुतणे समोरासमोर, अन् 630 ला मक्का फारसा रक्तपात न होता हाती आली. अन् गंमत पाहा, शेवटपर्यंत विरोधकांचं नेतृत्व करणारा अबू सुफियान मुसलमान झाला, अन् त्याचाच पोरगा मुआविया 661 ला खलिफा, म्हणजे पैगंबरांच्या मागून मुसलमानांचा प्रमुख. त्याआधीचे अबू बकर, उमर, उस्मान, अली चौघंही कुरैशच, घराणी फक्त वेगळी. मुआवियाच्या उमय्या घराण्यानंतर 750 ला आलेलं अब्बासी खलिफांचं घराणंही त्यातलंच, बगदादला 1258 पर्यंत. विरोध करणारे अन् राज्य करणारे, एकाच भावकीतले.

अन् ती चावी? मक्का जिंकल्यावर पैगंबरांनी ती ज्यांच्याकडे होती त्यांनाच परत दिली, अन् आजही काब्याची चावी त्याच कुरैशी घराण्याकडे, बनू शैबाकडे आहे.