दर सांगण्याआधी शब्द कोणत्या भाषेतले मोजणार ते विचारा

तुमचा प्रश्न वाचला आणि माझेच जुने दिवस आठवले. बोली लावून कामे मिळवण्याच्या संकेतस्थळावर तुम्हाला पहिलीच विचारणा आली आहे, आरोग्यविषयक इंग्रजी लेख मराठीत आणायचे आहेत, क्लायंटने मराठी शब्दाला वीस पैसे देऊ केले आहेत, आणि चांगला अभिप्राय मिळेल या आशेने सुरुवात म्हणून हे काम घ्यावे का, असे तुम्ही विचारता. २०१७ साली मी याच ठिकाणी उभी होते, म्हणून सविस्तर लिहिते. खाते उघडणे, स्वतःची ओळख लिहिणे वगैरे तुम्ही केलेच आहे, तेव्हा ते सोडून देते.

दर कमी आहे हे तुम्हालाही दिसते आहे. त्याहून मोठा तोटा ‘मराठी शब्दाला’ या अटीत दडलेला आहे, आणि माझे सर्वांत जास्त नुकसान तिथेच झाले. एका संस्थेचे सुमारे ४०,००० इंग्रजी शब्दांचे प्रशिक्षण साहित्य मी शब्दाला दोन सेंट या दराने स्वीकारले होते. मनात ८०० डॉलरचा हिशेब धरून मी कामाला लागले. करारात नुसते ‘प्रति शब्द’ असे लिहिले होते आणि शब्द कोणत्या भाषेतला, हे विचारावे असे मला सुचलेही नाही. काम पूर्ण झाल्यावर ६४० डॉलर मंजूर झाले, कारण माझा मराठी मजकूर ३२,००० शब्दांचा भरला होता. संकेतस्थळाचे शुल्क आणि रुपयांतर होऊन हातात आले ते साधारण ३४,००० रुपये. त्यासाठी मी, दुरुस्त्यांच्या फेऱ्या धरून, जवळजवळ २४० तास बसले होते. म्हणजे तासाला जेमतेम १४० रुपये पडले असे म्हणायला हरकत नाही.

मी तक्रार केली तेव्हा त्या संस्थेच्या समन्वयकाने उत्तर दिले की हिंदीचे अनुवादक हीच पद्धत मुकाट्याने मान्य करतात. त्या उत्तराचा राग मला अजून आहे, कारण आपल्या भाषेची घडणच त्यांनी लक्षात घेतली नव्हती. ‘इन द हाउसेस ऑफ द फार्मर्स’ हे इंग्रजीत सहा शब्द आहेत, हिंदीत ‘किसानों के घरों में’ हे चार होतात, आणि मराठीत ‘शेतकऱ्यांच्या घरांमध्ये’ हे केवळ दोन. आपले विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात, संगणक मात्र शब्द मोजताना मधल्या मोकळ्या जागा पाहतो. त्यामुळे तेवढाच अर्थ आणि तेवढेच श्रम असूनही मराठीचा आकडा लहान दिसतो. माझ्या कामांत ही घट साधारण १५ ते २५ टक्के पडते. मजकूर तांत्रिक असेल तर वेगळी पडू शकते. काही जण यावर तोड म्हणून ‘घरा मध्ये’, ‘त्यांच्या साठी’ असे तोडून लिहितात. कृपा करून तसे करू नका. ते अशुद्ध आहे, आणि मजकूर तपासणाऱ्या जाणकार माणसाच्या ते पहिल्या पानावरच लक्षात येते. अनुवादाचा दर मूळ मजकुराच्या शब्दांवर ठरवावा हाच सरळ मार्ग आहे. त्यात क्लायंटचीही सोय असते, कारण एकूण खर्च त्याला काम सुरू होण्याआधीच कळतो.

आता तुमच्या कामापुरते बोलू. १,००० इंग्रजी शब्दांचे मराठीत ८०० शब्द झाले तर तुमच्या पदरात १६० रुपये पडतील. आरोग्याचा मजकूर संज्ञा तपासून, पुन्हा वाचून द्यायचा म्हटले तर माझा वेग तासाला ३०० मूळ शब्दांच्या पुढे जात नाही. तुम्ही थोड्या वेगवान आहात असे धरले तरी हे तीन तासांचे काम आहे, म्हणजे तासाला ५३ रुपये, आणि शुल्क अजून कापायचेच आहे.

माझी पद्धत उलट्या बाजूने सुरू होते. समजा महिन्याला ४५,००० रुपये हाती यायला हवेत. बोली लावणे, पत्रव्यवहार आणि वाचन यांत बराच वेळ जातो, म्हणून बिल करता येण्याजोगे तास २२ दिवस गुणिले रोजचे ५ असे ११०च धरावेत. तासाला ४०९ रुपये आले. संकेतस्थळाचे शुल्क १० टक्के असेल तर इथे अनेकजण ४०९मध्ये १० टक्के मिळवतात. ते चूक आहे. ४०९ला ०.९ने भागायचे, म्हणजे ४५५ होतात. तासाला ३०० शब्दांच्या वेगाने हा दर मूळ शब्दाला साधारण दीड रुपया पडतो. फायव्हर या संकेतस्थळावर काम करणाऱ्याकडून २० टक्के घेतले जातात, तिथे भागाकार ०.८ने करावा. अपवर्क या दुसऱ्या संकेतस्थळावर मे २०२३पासून सरसकट १० टक्के होते, पण मे २०२५पासून नव्या करारांवर शून्य ते १५ टक्के असे बदलते शुल्क आहे, आणि बोलीसाठी लागणारे कनेक्ट्स, म्हणजे एक प्रकारची टोकन, प्रत्येकी १५ सेंटला विकत घ्यावे लागतात. वाया गेलेल्या बोलींचा खर्चही दरातच बसवावा लागतो. हे नियम वरचेवर बदलतात, तेव्हा बोली लावण्याच्या दिवशी स्वतः पाहून घ्या. कराबाबत मी काही सांगत नाही. ते सनदी लेखापालाला विचारावे.

अभिप्रायासाठी स्वस्तात काम करण्याविषयी माझे मत ठाम आहे, इतरांचा अनुभव वेगळा असू शकतो. वीस पैशांना आलेला क्लायंट दीड रुपयाला थांबत नाही आणि ज्यांना तो तुमचे नाव सुचवतो तेही वीस पैशांच्याच अपेक्षेने येतात. शिवाय पुष्कळ ठिकाणी झालेल्या कामाची रक्कम तुमच्या पानावर इतरांना दिसते. सुरुवातीला क्लायंटला तुमचे काम पारखण्याची संधी द्यायचीच असेल तर दर पूर्ण सांगा आणि काम लहान घ्या, म्हणजे ५०० शब्दांचा एकच लेख, पूर्ण दराने. फुकट नमुना मागितला तर आधी केलेले काम दाखवा. नवा मजकूर फुकट लिहून देऊ नका. नोंदणी शुल्क किंवा अनामत मागणाऱ्याशी, आणि पाने टाइप करून घेऊन नंतर चुका काढत वकिलाच्या नोटिशीची भीती घालणाऱ्याशी, बोलणे तिथेच थांबवा.

ठरावीक रकमेच्या करारात पहिल्या टप्प्याचे पैसे संकेतस्थळाकडे जमा झालेले दिसल्याशिवाय एक ओळही लिहू नका. अपवर्कवर काम रीतसर सादर केल्यानंतर क्लायंट १४ दिवस काहीच बोलला नाही तर रक्कम आपोआप सुटते, पण त्यासाठी काम निरोपाच्या खिडकीतून न पाठवता ‘सबमिट’ करूनच द्यावे लागते.

क्लायंटला आजच उत्तर द्यायचे असेल तर एवढे लिहा: “माझा दर मूळ इंग्रजी मजकुराच्या शब्दसंख्येवर आहे. त्यात दुरुस्तीच्या दोन फेऱ्या धरल्या आहेत; मूळ मजकूर बदलला तर त्या भागाचा मोबदला वेगळा राहील.” त्याने यावर काय कळवले ते इथे लिहा आणि शक्य असेल तर मजकुराचा एखादा परिच्छेद द्या, म्हणजे त्याला तासाला किती शब्द झेपतील याचा मला अंदाज सांगता येईल.