ट्रॉलीत घातलेलं नाणं परत मिळतं का?

प्रश्न: ताई, मी मुलीकडे म्युनिकला आलेय, पहिल्यांदाच. परवा एकटीच सुपरमार्केटला गेले तर ट्रॉल्या सगळ्या साखळीने एकमेकींना अडकवलेल्या, ओढून ओढून दमले पण एक निघेना. तेवढ्यात एका आजींनी स्वतःची रिकामी ट्रॉली पुढे केली आणि हात पसरला. पैसे मागतायत असं वाटून मी घाबरून निघूनच आले. ट्रॉलीला भाडं असतं का? आपल्याकडे डीमार्टमध्ये तर नुसती ओढून घेतो. – एक वाचक, नाशिक

उत्तर: काकू, भाडं नाही हो, डिपॉझिट आहे ते, आणि पूर्ण परत मिळतं. हँडलवर छोटं कुलूप असतं बघा, त्याच्या खाचेत १ युरोचं नाणं दाबून सरकवलं की शेजारच्या ट्रॉलीच्या साखळीची चावी खट्कन बाहेर येते न् ट्रॉली सुटते. सामान गाडीत ठेवलं की ट्रॉली परत रांगेत लावायची, तीच चावी कुलपात खुपसायची, नाणं बाहेर. बऱ्याच ठिकाणी ५० सेंटही चालतात. एवढ्याशा पैशासाठी माणूस ट्रॉली जागेवर आणून लावतो, म्हणून पार्किंगभर ट्रॉल्या गोळा करत फिरायला वेगळा माणूस ठेवावा लागत नाही.

आणि त्या आजी भीक मागत नव्हत्या हो! त्यांचा युरो त्या ट्रॉलीत अडकलेला होता, तुम्ही एक युरो त्यांच्या हातावर ठेवला असता की झालं, त्यांचा रांगेपर्यंतचा फेरा वाचला, तुम्हाला ट्रॉली मिळाली, आणि शेवटी नाणं तुम्हीच काढून घेतलं असतं. तिथे सर्रास करतात असं, मला तर फार आवडते ही पद्धत.

इंग्लंडात १ पाउंड लागतो. २०१७ मध्ये तिथे बारा कोनांचं नवं नाणं आलं, ऑक्टोबरात जुना गोल पाउंड बंद झाला, तेव्हा कितीतरी ट्रॉल्यांची कुलपं बदलावी लागली. अमेरिकेत बहुतेक दुकानांत ट्रॉली मोकळीच असते, पण आल्डीत २५ सेंटचा क्वार्टर घालावा लागतो, आल्डी मूळची जर्मनीचीच ना.

नाणं नसेल तर मुलीच्या किल्ल्यांच्या जुडग्यात नाण्याएवढा प्लास्टिकचा चिप आहे का बघा, दुकानं जाहिरात म्हणून वाटतात, तोही चालतो. नाहीतर कोटाच्या खिशात एक युरो वेगळाच ठेवा, कारण कार्डाने ते कुलूप उघडत नाही. आणि हो, पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या फेकू नका, जवळपास प्रत्येकीवर २५ सेंट डिपॉझिट असतं, दुकानातल्या मशीनमध्ये टाकल्या की पावती मिळते, ती काउंटरला दाखवायची.