रात्रीच्या मुक्कामावरील कर : वाचकांच्या शंका

एखाद्या नगरपरिषदेने पर्यटकांच्या मुक्कामावर कर लावण्याचा विचार बोलून दाखवला, की निवासव्यवस्था चालवणाऱ्यांची जवळपास एकाच मजकुराची पत्रे येऊ लागतात. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : परिषदेने मसुद्यावर सूचना मागवल्या आहेत. हॉटेलमालकांच्या बैठकीत मात्र पुढच्या महिन्यापासूनच कर घ्यावा लागेल, असे सांगण्यात आले. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. ठराव मंजूर होऊन अंमलबजावणीची तारीख जाहीर होईपर्यंत या नावाखाली काहीही आकारू नका. स्कॉटलंडच्या 2024 च्या कायद्यात तर परिषदेचा निर्णय आणि प्रत्यक्ष वसुली यांत किमान 18 महिन्यांचे अंतर सक्तीचे केले आहे.

प्रश्न : हा भार कोणावर पडतो, माझ्यावर की पाहुण्यावर?

उत्तर : पैसे सहसा पाहुण्याचे असतात, पण ते गोळा करून मुदतीत भरण्याची जबाबदारी बहुधा तुमचीच असते.

प्रश्न : माझी एकच खोली आहे आणि ती बुकिंग संकेतस्थळावरून जाते. कराचे सारे तेच पाहतील ना?

उत्तर : तसे लेखी हाती असल्याशिवाय गृहीत धरू नका. काही ठिकाणी संकेतस्थळे कर गोळा करून परस्पर भरतात, काही ठिकाणी नाही, आणि थकबाकीची नोटीस मात्र खोली देणाऱ्याच्या नावाने निघू शकते. करार घेऊन कर सल्लागाराकडे जा.

प्रश्न : कर टक्केवारीने असेल, तर तो संपूर्ण बिलावर लावायचा का?

उत्तर : सर्वाधिक गोंधळ याच मुद्द्यावर होतो आणि पाहुण्यांची फसवणूकही इथेच होते, म्हणून सविस्तर लिहितो. एडिनबरा येथे 5 टक्के कर ठरला आहे. तो फक्त निवासाच्या रकमेवर, मूल्यवर्धित कर धरण्यापूर्वी आणि सलग मुक्कामाच्या पहिल्या पाच रात्रींपुरताच लागतो. खोलीचे 100 पौंड आणि न्याहारीचे 20 पौंड असतील, तर कर 5 पौंड होतो, 6 नव्हे. एका बिलात हा एक पौंड कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. हंगामभराच्या बिलांत मात्र तो मोठा होतो, आणि पाहुण्याकडून 6 घेऊन 5 भरणारा मालक कराच्या नावाने स्वतःचा नफा वाढवत असतो. याउलट खोलीचे भाडे नावापुरते ठेवून स्वच्छता आणि पार्किंगचे आकार फुगवण्याची युक्ती सुचवणारेही भेटतात. ही युक्ती हिशेबतपासणीत टिकेल, या भरवशावर कोणीही राहू नये. खोली, जेवण, पार्किंग आणि कर यांच्या चार वेगळ्या ओळी बिलावर आजपासूनच छापायला लागा, कारण एकत्रित दराच्या जुन्या बिलांतून निवासाची रक्कम नंतर वेगळी काढणे फार कष्टाचे जाते. क्योतोने 2018 मध्ये सुरुवात करताना भाड्याच्या टप्प्यांनुसार प्रतिव्यक्ती 200, 500 आणि 1000 येन असे ठरीव दर ठेवले होते. तशा पद्धतीत टक्केवारीचे गणित टळते, पण भाडे कोणत्या टप्प्यात बसते हे ठरवण्यासाठी निवासाची रक्कम तिथेही वेगळी लागतेच. तुमच्या परिषदेच्या मसुद्यात ‘निवासाची रक्कम’ याची व्याख्या नसेल, तर पहिली हरकत त्यावरच नोंदवा आणि तिचा मसुदा सल्लागाराकडून तपासून घ्या.

प्रश्न : मी खोली आधीच आरक्षित केली आहे. मुक्काम कर लागू झाल्यानंतरचा आहे. हॉटेल जादा पैसे मागते आहे.

उत्तर : नियमात आरक्षणाची तारीख धरली आहे की मुक्कामाची, ते आधी पाहा. एडिनबरामध्ये 24 जुलै 2026 पासूनचे मुक्काम करपात्र ठरवले, पण आरक्षण 1 ऑक्टोबर 2025 किंवा त्यानंतर केलेले असेल तरच. हॉटेलकडून नियमाचे कलम लेखी मागवा आणि ते मिळेपर्यंत पैसे देऊ नका.

प्रश्न : कर लागला तर पर्यटक येणे बंद होईल का?

उत्तर : ॲमस्टरडॅममध्ये 2024 पासून खोलीच्या भाड्यावर 12.5 टक्के कर आहे, तरी तेथील गर्दीची तक्रार थांबलेली नाही. लहान गावाला मात्र हा दाखला जसाच्या तसा लावू नये.

प्रश्न : रुग्णाच्या सोबतीला राहणाऱ्या नातेवाइकांना सूट मिळेल का?

उत्तर : मसुद्यात लिहिली असेल तरच. क्योतोने शालेय सहलींना सूट दिली, ती नियमातच आहे. सूट हवी असणाऱ्यांनी हरकतींची मुदत संपण्याची वाट पाहू नये. मुदतीनंतर आलेल्या पत्रांना मी फक्त सहानुभूतीचे उत्तर देऊ शकतो. रुग्णालयाचे कोणते कागद पुरावा म्हणून चालतील, हे परिषदेच्या करविभागाला आत्ताच लेखी विचारा.