बारा तासांचीच ड्युटी घे

अगं, घरोघरी पेशंट सांभाळायला बायका पाठवणारे ब्यूरोवाले चोवीस तासांची ड्युटी गळ्यात मारतील. पैसे जास्त दिसतात, पण घरी सासू अंथरुणाला खिळलेली असताना ती घेऊ नकोस. बारा तासांचीच घे, तीही एका बसच्या अंतरावर. पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलतेस ना? तेच नवऱ्याला शिकव. पाठीमागे उशी कशी लावायची, पोटऱ्यांखाली चादरीची घडी घालून टाचा अधांतरी कशा ठेवायच्या, सगळं. मी नाही शिकवलं. परक्या आजींची पाठ जपत राहिले आणि इकडे माझ्याच आईच्या माकडहाडाला एका कुशीवर पडून पडून जखम झाली. (नवरा कुरकुरेल, कुरकुरू दे.) सुट्टीचा वार पेशंटच्या घरी पहिल्याच दिवशी सांग, बदली बाई ब्यूरोकडे मागायची. आणि पेशंटला एकटीने उचलू नकोस, चादरीने सरकव.