वंशवृक्षाच्या मुळाशी सुळेवाला प्राणी काढू नका

मुलीला शाळेच्या प्रदर्शनासाठी मांजरकुळाचा वंशवृक्ष करायचा आहे, तर सुरुवात सुळेवाल्या वाघापासून करू का, असं तुम्ही विचारलंय. वाचून मला माझी जुनी पुस्तिका आठवली. मी प्राणिशास्त्र शिकलेलो नाही, मुलांसाठी विज्ञानावर लिहितो, एवढं धरूनच पुढचं वाचा.

त्या पुस्तिकेत मी हॉप्लोफोनियस या नामशेष प्राण्याला सगळ्या मांजरांचा पूर्वज केलं होतं. लांब सुळे, मांजरासारखा बांधा, तीन कोटी वर्षांहून जुने अवशेष; माझी खात्री पटली. छापण्याआधी एका संग्रहालयाला तीन पत्रं लिहिली. प्रत्येक वेळी दुसऱ्या विभागाकडे पाठवलं आणि शेवटी ‘प्राचीन मांजर’ असं लिहिलेल्या जुन्या पाटीची झेरॉक्स हातात आली. प्रश्नाचं उत्तर ठाऊक नसेल तर तसं सरळ कळवावं, मुलांच्या हाती चुकीचं जातं हो! ५०० प्रती छापून झाल्यावर एका प्राध्यापकांनी कानामागच्या हाडाच्या कुपीचं चित्र दाखवलं. मांजरांत तिच्या आत पातळ हाडाचा पडदा असतो. हॉप्लोफोनियसच्या निम्रॅविड कुळात तशी रचना नाही. ते कुळच वेगळं. सुळे दोघांत स्वतंत्रपणे लांबले.

म्हणून माझं ठाम मत: सुळ्यांवरून नातं ठरवू नका. तुमचा सुळेवाला वाघ, म्हणजे स्मायलोडॉन, खरा मांजरकुळातला, पण त्याची शाखा आजच्या मांजरांपासून सुमारे २ कोटी वर्षांपूर्वीच फुटली. तो वाघाचा आजोबा नव्हे, लांबचा चुलत.

मुळाशी प्रोआयलुरस घ्या. फ्रान्समध्ये साँ-जेराँ-ल-प्युई इथे सापडला, फ्रेंच जीवाश्मशास्त्रज्ञ फिलोल यांनी १८७९ साली नाव दिलं. वजन साधारण ९ किलो, आणि दाढा आजच्या मांजरापेक्षा जास्त. पुढे दाढा कमी होत गेल्या, उरलेल्या मांस कापायला धारदार झाल्या. मुलीला घरच्या मांजराचे ३० दात मोजायला सांगा (मांजर शांत असेल तरच). प्रोआयलुरसनंतर स्यूडेलुरस, तिथून एक फांदी स्मायलोडॉनकडे, दुसरी आजच्या मांजरांकडे.

आणखी एक, उत्तर अमेरिकेच्या रकान्यात २.५ ते १.८५ कोटी वर्षांपूर्वीची जागा कोरी ठेवा. त्या काळात तिथे मांजरासारखा प्राणी जवळजवळ सापडतच नाही. नंतर स्यूडेलुरस आशियातून तिकडे पोचला. मी नेमकी तिथूनच हॉप्लोफोनियस ते स्मायलोडॉन अशी सलग रेघ ओढली होती.