करिजिनीत पहिल्यांदाच जाताय? मग हे ऐका

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या या राष्ट्रीय उद्यानात डेल्स कॅम्पग्राउंडवर मुक्काम असेल तर उजाडताच निघा. आधी फोर्टेस्क्यू धबधबा, मग फर्न पूल. ही जागा इथल्या मूळनिवासी बंजिमा लोकांना पवित्र आहे. पाण्यात हळूच उतरा, आरडाओरडा नको. मग गाडीने हॅनकॉक गॉर्ज, म्हणजे खोल अरुंद दरी, गाठा. तिथल्या ‘स्पायडर वॉक’मध्ये दोन्ही भिंतींना हातपाय रोवून पुढे सरकायचं असतं. लोखंडाने लाल झालेला तो खडक जवळपास २५० कोटी वर्षांचा, पण ओला झाला की साबणासारखा निसटतो. म्हणून बुटांच्या बाबतीत काटकसर नको, अगदी कळकळीने सांगतोय. माणशी ३ लिटर पाणी घ्या. आणि आभाळ भरून आलं तर गॉर्जमध्ये पाऊलही टाकू नका. लांब कुठेतरी पडलेला पाऊस इथे लोंढा होऊन येतो.