शेरू तुम्हाला पाहून पळाला, त्याचं कारण

पत्र थोडक्यात असं आहे: "तीन आठवड्यांपूर्वी दत्तक घेतलेला आमचा शेरू पाच दिवसांपूर्वी ढगांच्या गडगडाटाला घाबरला, मागे सरकला आणि हार्नेसमधून, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्यांतून, निसटला. रोज पंधरा-वीस जण हाका मारत फिरतोय. काल पहाटे तो मला नाल्याच्या कडेला दिसला. मी हाक मारून धावले, तर माझ्याकडे बघून तो उलटा पळाला. मदतीला आलेले स्वयंसेवक म्हणतात, शोध थांबवा. घरचे विचारतात, हातावर हात धरून बसायचं का? मला मात्र एकच बोचतंय, मी त्याला नकोशी झाले का?"

ताई, नाही. हे आधी मनातून काढून टाका.

बिथरलेला कुत्रा काही दिवसांत फक्त जीव वाचवण्याच्या मागे लागतो. लांबून येणारी, हात हलवत धावणारी कुठलीही आकृती त्याला धोकाच वाटते, मग ती मालकाची का असेना. माणूस ओळखायला त्याला नजरेपेक्षा वासाचा भरवसा जास्त, आणि काल तुमचा वास पोचायच्या आत तुमची धाव पोचली. वर पाच दिवस अनोळखी माणसं 'शेरू, शेरू' ओरडत मागे लागलीत. त्याच्या लेखी आता ते नाव म्हणजे पळायची खूण झालंय.

म्हणून स्वयंसेवकांचं ऐका. रांगेने झुडपं धुंडाळणारी माणसं कुत्र्याला शोधत नाहीत, त्याला पुढे रेटतात. एखाद्या जागी तो टिकला, तर मिळण्याची आशा फार वाढते. हुसकावला, तर रस्ते ओलांडत जातो, आणि खरी भीती गाड्यांचीच असते.

पंधरा-वीस जणांना घरी बसवू नका, कामं वाटून द्या. फोन एकाच माणसाकडे असावा. शेरू कुठे, किती वाजता दिसला, कुठल्या दिशेला गेला आणि चालत होता की पळत, हे प्रत्येक वेळी नकाशावर मांडायचं. दोन-तीन नोंदी एकाच पट्ट्यात, साधारण त्याच वेळेला आल्या, की जागा कळते. बाकीच्यांनी फलक लावावेत. चालत्या गाडीतून वाचता येईल इतकी मोठी अक्षरं, भडक रंग, एकच फोटो, फोन नंबर आणि 'पाठलाग करू नका, फोन करा'. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड खाली ठेवा, म्हणजे पाऊस आत जात नाही. बक्षिसाचा आकडा लिहू नका. त्या आशेनेच लोक मागे धावतात. अंगावरची एखादी खूण जाहीर न करता राखून ठेवा. 'कुत्रा सापडलाय, आधी पैसे पाठवा' किंवा 'मोबाईलवर आलेला कोड सांगा' म्हणणाऱ्याला तीच विचारायची.

मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवलेली ओळख क्रमांकाची बारीक चिप, असेल तर तिचा १५ अंकी क्रमांक नोंदणीत तुमच्याच फोनशी जोडलेला आहे ना, ते आजच बघा. चिपवरून तो कुठे आहे ते कळत नाही. कुणी त्याला डॉक्टरकडे नेऊन स्कॅनर फिरवला, तरच तिचा उपयोग.

आता नाल्याची कडा. तिथे आडोशाला एकाच ठिकाणी खाणं-पाणी ठेवा, शेजारी तुमचा न धुतलेला कपडा आणि त्याचं अंथरूण. खाणं उग्र वासाचं हवं, पण ढीग नको: पोट भरलेला कुत्रा पुढे लावायच्या सापळ्याच्या पिंजऱ्यात शिरत नाही. रोज त्याच वेळी, त्याच माणसाने जायचं, ठेवायचं आणि निघायचं. हालचाल टिपणारा कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, खाण्याच्या भांड्याकडे तोंड करून बांधा. नाहीतर खाणं मांजर फस्त करत असेल आणि तुम्ही शेरूची वाट बघत बसाल.

कॅमेऱ्यात तो नेमाने दिसू लागला की पिंजरा आणायचा. घाई बहुतेक वेळा इथेच नडते. आधी दार उघडं बांधून ठेवा आणि खाणं रोज थोडं आत सरकवा. तळाच्या जाळीवर पुठ्ठा आणि माती पसरा. उघडी तार पंजाला टोचली की कुत्रा माघारी फिरतो. ज्या पाटीवर पाय पडला की दार पडतं, तिच्या पलीकडे खाणं ठेवा, अगदी मागच्या भिंतीशी हवं, आणि पिंजरा इतका लांब की पाटीवर पाय पडताना शेपटी दारात नसेल. दार अंगावर आपटून तो एकदा निसटला, की त्या पिंजऱ्याजवळ पुन्हा फिरकणं कठीण. सापळा लावल्यावर दुरून कुणीतरी लक्ष ठेवायलाच हवं, उन्हात किंवा पावसात तो अडकून पडू नये.

मध्येच तो समोर आला, तर जागच्या जागी खाली बसा. त्याच्याकडे पाठ किंवा कूस करा, डोळ्याला डोळा नको, हाक नको. वारा तुमच्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर उत्तम. चिकनचे बारीक तुकडे बाजूला टाकत रहा. तो मान लांबवून पुढे येईल, पण मागचे पाय तिथेच रोवलेले असतील. तुकडा उचलून दोन पावलं मागे जाईल. हे अर्धा तास चालेल. त्या वेळी हात पुढे करू नका, एकदाही नाही. तो स्वतः येऊन तुम्हाला हुंगेल आणि कधीकधी त्याच क्षणी अंग सैल सोडून अंगावर झेपावेल. ओढला की आवळणारा पट्टा तेव्हाच हळूच गळ्यात सरकवा.

पिंजऱ्यात सापडला तर तिथे दार उघडू नका. वर चादर टाका, पिंजऱ्यासकट गाडीत चढवा आणि बंद खोलीत नेऊनच उघडा. पहिलं जेवण अगदी थोडं द्या. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या कुत्र्याला एकदम भरपेट खाणं जिवावर बेतू शकतं. म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून किती आणि कितीदा द्यायचं ते विचारा. पुढचे काही आठवडे गळ्यातला पट्टा आणि हार्नेस या दोन्हींना वेगळी दोरी लावूनच बाहेर न्या, अंगणातसुद्धा.